माळ्यावरची दोरी खाली काढा

*"डॉक्टर, माझी मुलगी ११ वर्षांची आहे. सातव्या वर्षी तिला टाईप वन मधुमेह झाला. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या मैदानात पळताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून दोन आठवडे झाले, हात अजून बारीक दिसतो. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, 'चार वर्षं सुया टोचताय, इन्सुलिननं हाडं पोकळ झाली असणार.' तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी तिचा पी.टी.चा तास बंद केलाय. दोरीवरच्या उड्या तिला फार आवडतात, ती दोरीसुद्धा माळ्यावर टाकली. खेळून आली की रात्री शुगर उतरायची, त्यामुळे धास्ती आधीपासूनच होती. शेवटच्या दोन एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ८.९ आणि ९.२ आल्या. दुधातही साखर असते म्हणून दूध बंद आहे, त्याऐवजी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्यात. कधी कधी रात्री पोटऱ्या दुखतात म्हणते. हाडांची घनता मोजून घेऊ का?" – एक आई*

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या दोरीपाशी थांबले. तिच्याबद्दल सविस्तर बोलायचंच आहे, पण आधी जाऊबाईंचं वाक्य बाजूला करू. ते मनात रुतून बसलं, तर उद्या डोस भरताना तुमचा हात आखडेल. दोन युनिट कमीच देऊ, तेवढीच हाडं वाचतील, असं वाटेल. मला खरी भीती त्याची वाटते.

इन्सुलिननं हाडं पोकळ होत नाहीत. हाड ही जिवंत गोष्ट आहे. रोज थोडं जुनं हाड झिजवलं जातं आणि त्या जागी नवं बांधलं जातं. हे बांधकाम करणाऱ्या पेशींना इन्सुलिन हवं असतं, त्यांच्यावर इन्सुलिन ओळखणाऱ्या खास जागाच असतात. स्नायूंचंही तसंच. इन्सुलिन असलं की स्नायूंमधली प्रथिनं टिकतात, नसलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. निदान होण्याआधीचे तुमच्या लेकीचे ते आठवडे आठवा. खाऊनपिऊनही पोर वाळत चालली होती ना? मग इन्सुलिन सुरू झाल्यावर तिचे गाल कसे भरून आले? टोरोंटोत जानेवारी १९२२ मध्ये इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन घेणारा लेनर्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि त्याचं वजन जेमतेम तीस किलोच्या घरात होतं. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं, एवढाच इलाज होता. ज्या औषधानं या मुलांच्या अंगावर मांस चढलं, त्यालाच हाडांचा वैरी ठरवू नका.

पण जाऊबाईंच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही, असं सांगून मी तुमची नुसती समजूत काढणार नाही. टाईप वन असलेल्या मुलांची हाडं सरासरीनं थोडी कमी भरीव असतात, हे खरं आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाड मोडण्याचा धोका लहानपणापासूनच थोडा जास्त दिसला. मोठेपणी, विशेषतः खुब्याच्या हाडाच्या बाबतीत, तो इतरांच्या कितीतरी पट होतो. मात्र कारण सुई नाही.

आपल्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन सरळ यकृताकडे जातं आणि यकृत त्याच्या जोरावर वाढीचा एक घटक तयार करतं, त्याला आयजीएफ-वन म्हणतात. त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन यकृताला तेवढ्या प्रमाणात मिळत नाही, म्हणून तो घटक थोडा कमी पडतो. हा झाला आपल्या हातात नसलेला भाग. दुसरा भाग बराचसा हातात आहे. शुगर सतत चढलेली राहिली की ती हाडांतल्या कोलॅजनला चिकटते. कोलॅजन म्हणजे हाडाला लवचीकपणा देणारे धागे. ते कडक झाले की हाडात कॅल्शियम पुरेसं असूनही हाड ठिसूळ वागू शकतं. शिवाय लघवीतून साखर जाते तेव्हा कॅल्शियमही जास्त वाहून जातं. म्हणजे नुकसान होतं ते इन्सुलिन कमी पडल्यामुळे. ९.२ हा आकडा मला मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त बोलतो.

त्या आकड्यासाठी लेकीला रागावू नका, स्वतःलाही नको. ११ वर्षांची मुलगी वयात येण्याच्या उंबरठ्यावर असते. या काळात वाढीच्या संप्रेरकांमुळे शरीर इन्सुलिनला दाद कमी देतं आणि कालपर्यंत पुरणारा डोस अचानक पुरेनासा होतो. त्यात दोन महिन्यांपूर्वी हाड मोडलं. दुखापतीचा ताण आणि बसून राहणं, दोन्हींनी शुगर चढते. डोस वाढवावा लागला म्हणजे आजार बळावला, असं समजायचं कारण नाही. मुलगी वाढतेय, तर डोसही तिच्याबरोबर वाढणार. डॉक्टरांकडे जाऊन सगळे डोस नव्यानं बसवून घ्या. सातच्या खाली येणं हे ध्येय, पण तिथे पायरी पायरीनं पोचायचं असतं. नवाचं आठ झालं तरी हाडांना, डोळ्यांना, मूत्रपिंडांना त्याचा फायदा होतो.

आता ते मनगट. ते मधुमेहामुळेच मोडलं का, हे एका फ्रॅक्चरवरून कुणालाच सांगता येणार नाही. पण मधुमेह नसलेल्या मुलांचंही सगळ्यांत जास्त वेळा मोडणारं हाड मनगटाजवळचंच असतं, आणि मुलींमध्ये ते मोडण्याचं ऐन वय हेच, अकरा-बारा. उंची झपाट्यानं वाढते, हाड आधी लांब होतं आणि त्यात खनिजं भरायला मागून वेळ लागतो. त्या मधल्या काळात पळता पळता हातावर पडलं की मनगट जातं. मोठं होईपर्यंत तीनातल्या एका मुलाचं तरी कधी ना कधी हाड मोडतंच. पळताना पडून झालेलं एक फ्रॅक्चर मी आजाराची खूण मानत नाही. फारसा मार न लागता पाठीचा मणका दबला असता, किंवा हातापायांची लांब हाडं वयाच्या दहा वर्षांपर्यंत दोनदा वा १९ वर्षांपर्यंत तीनदा मोडली असती, तर मी वेगळं बोलले असते.

म्हणूनच घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, आत्ता नको. टाईप वन असलेल्या प्रत्येक मुलाची ती करावी, असा रिवाज नाही. मुलांमध्ये तिचा अर्थ लावणंही नाजूक काम असतं. अंगानं लहान मुलीचं हाड मशीनला विनाकारण कमी घन दिसतं, म्हणून आकडा वयाशी, लिंगाशी आणि उंचीशी ताडून पाहावा लागतो. मोठ्यांच्या तक्त्यावर लहान मुलाचा रिपोर्ट लावून आईवडिलांची झोप उडवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. शिवाय डेक्सा हाडात खनिज किती ते सांगते, कोलॅजनचे धागे कसे आहेत ते सांगत नाही.

त्यापेक्षा पुढच्या भेटीत दुसऱ्या काही गोष्टी मागा. तिच्या उंची-वजनाचा आलेख पाहायला मागा. गेल्या चार वर्षांत उंचीची रेघ तिच्या नेहमीच्या वाटेनं वर जातेय की खाली घसरतेय, हे त्या एका कागदावर दिसतं. ड जीवनसत्त्वाची पातळी पाहून घ्या. थायरॉईड पाहून घ्या. आणि सीलिअॅकची तपासणी झाली होती का, हे जरूर विचारा. ही तपासणी फार वेळा राहून जाते, म्हणून जरा थांबून सांगते. सीलिअॅकमध्ये गहू, बार्ली यांतल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते, आणि खाल्लेलं कॅल्शियम, लोह, ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. टाईप वनप्रमाणेच हाही शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार. त्यामुळे तो या मुलांमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. पोटाची कसलीच तक्रार नसतानाही तो असू शकतो. कधी फक्त उंची खुंटते, कधी हिमोग्लोबिन वाढत नाही, कधी कारण न सापडता शुगर वारंवार उतरते. रक्तातल्या टीटीजी अँटीबॉडीची एक तपासणी त्याचा माग देते. निदानाच्या वेळी ती नॉर्मल आली असली तरी पुढे दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पुन्हा करायची असते. एक मात्र सांभाळा, तपासणीआधी स्वतःच्या मनानं गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा दिलासा देईल.

दूध बंद केलंत, हे वाचून वाईट वाटलं. तुम्ही प्रेमापोटीच केलंत, हे कळतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, हेही बरोबर. पण ती मोजता येते. २०० मिलिलीटर दुधात साधारण १० ग्रॅम कार्ब, म्हणजे शुगर वाढवणारी कर्बोदकं, असतात आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. ते १० ग्रॅम जेवणाच्या इन्सुलिनच्या हिशेबात धरले की झालं. तिच्या वयाला दिवसाला साधारण १००० ते १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दूध-दही बंद ठेवून एवढा आकडा गाठणं फार कठीण जातं. दह्यात कार्ब दुधापेक्षा थोडे कमीच असतात. दूध, दही, पनीर, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या, आणि खात असाल तर अंडी, मासे हे सगळं तिच्या ताटात असायला हवं. त्यात प्रथिनंही आली, ती स्नायूंना लागतात. वाढत्या मुलीचे कार्ब फार तोडू नका. शुगरचा आलेख सपाट दिसतो खरा, पण वाढीला लागणारं इंधन त्यातच कापलं जातं.

गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं पाकीट आणू नका. आहारातून पुरत असेल तर वरून गोळ्या घेऊन हाड अधिक भक्कम होत नाही, बद्धकोष्ठ तेवढा होतो, आणि फार झालं तर मुतखड्याचं निमित्त. ड जीवनसत्त्व मात्र कमी निघालं तर औषध म्हणून घ्यावंच लागेल, तेही सांगितलेल्या मात्रेत. जास्त झालं तर तेही अपाय करतं.

आता दोरी.

हाड कसं भक्कम होतं, याचं उत्तर बहुतेकांना कॅल्शियम एवढंच माहीत असतं. कॅल्शियम म्हणजे विटा. त्या कुठे आणि किती रचायच्या, हे हाडाला स्नायू सांगतात. स्नायू ओढतो, जमिनीचा धक्का बसतो, हाड किंचित वाकतं, आणि त्या वाकण्याचा निरोप घेऊन पेशी तिथे भर घालतात. निरोपच आला नाही तर विटा आल्या तशा निघून जातात. तिचा हात प्लास्टरमध्ये सहा आठवडे राहून बारीक झाला, तो यामुळेच. घाबरू नका, मुलांचे स्नायू लवकर भरून येतात. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम रोज करा. मऊ चेंडू दाबणं, ओला टॉवेल पिळणं असली घरातली कामं तिच्याकडे द्या. पण तुम्ही पी.टी. बंद करून, दोरी वर टाकून जे केलंत, ते त्या प्लास्टरसारखंच आहे, फक्त सगळ्या अंगाला. एवढं रोखठोक लिहिल्याबद्दल रागावू नका.

आणि वेळ कुठला, तर हाच. साऱ्या शरीराच्या हाडांत मोठेपणी जेवढं खनिज असतं, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा वयात येतानाच्या जेमतेम दोन वर्षांत भरला जातो. मुलींमध्ये हा भर साधारण साडेबाराव्या वर्षाच्या आसपास असतो. तुमची लेक त्या दाराशी उभी आहे. विशीनंतर ही पुंजी फारशी वाढत नाही, सांभाळावी लागते.

हाडांना धक्क्याचे खेळ मानवतात. उड्या, धावणं, लंगडी, बास्केटबॉल, नाच. पोहणं आणि सायकल हृदयाला आणि शुगरला उत्तम, पण त्यात शरीराचा भार हाडांवर पुरेसा येत नाही, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये टाईप वन असलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास चेंडूचे खेळ, उड्या, दोरी, जिम्नॅस्टिक्स, असं नऊ महिने. त्या मुलांच्या हाडांची घनता चांगली वाढली, निरोगी मुलांसारखीच. तिथेही दोरी होतीच. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. मधुमेह आहे म्हणून यात सूट नाही.

तुमची धास्ती शुगर उतरण्याची. ती खोटी नाही, पण तिला शिस्त लावता येते. खेळायला जाण्याआधी शुगर पाहायची. ९० ते २७० च्या मध्ये असेल तर जाऊ द्या. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते १५ ग्रॅम कार्ब पोटात जाऊ देत, शुगर वर आली की मग खेळ. २७० च्या वर असेल तर कीटोन तपासा. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून हे आम्लासारखे पदार्थ तयार होतात. रक्तातले कीटोन ०.६ पेक्षा कमी असले तर हलका खेळ चालेल. त्याच्या वर असतील तर आधी इन्सुलिन देऊन ते उतरवायचे. १.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे खेळ नाहीच, लगेच डॉक्टरांना फोन. आदल्या २४ तासांत शुद्ध हरपण्याइतकी किंवा दुसऱ्याची मदत लागण्याइतकी शुगर उतरली असेल, तरी त्या दिवशी विश्रांती. आणि ज्या पायांवर उड्या मारायच्या, त्या मांडीत खेळाच्या तोंडावर इन्सुलिन टोचू नका. रक्तप्रवाह वाढतो आणि ते भराभर शोषलं जातं.

७० च्या खाली आली की खेळ थांबवून ग्लुकोज. तिच्या वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलीला ९ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ग्लुकोज तिच्या स्वतःच्या खिशात हवं, वर्गातल्या दप्तरात नको.

रात्रीचं कोडंही सुटण्यासारखं आहे. खेळताना स्नायू आपला साखरेचा साठा वापरतात आणि नंतर कित्येक तास रक्तातून साखर ओढून तो भरत राहतात. म्हणून संध्याकाळी खेळलेल्या मुलीची शुगर मध्यरात्रीनंतर उतरते. खेळल्यावर सात ते अकरा तासांनी हा धोका जास्त असतो. उपाय सरळ आहेत. खेळ शक्यतो सकाळी किंवा दुपारी ठेवायचा, खेळाच्या आधीच्या किंवा नंतरच्या जेवणाचं इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यायचं, झोपताना तपासायचं, आणि जास्त खेळ झालेल्या दिवशी रात्री एकदा उठून पाहायचं. अंगावर लावायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तर अलार्म लावून ठेवा. पहिले दोन आठवडे वहीत लिहा, कोणता खेळ, किती वेळ, शुगर किती. तुमच्याच लेकीचं गणित तुम्हाला दिसायला लागेल. जोरकस, थोड्या वेळाच्या खेळानं शुगर उलट तात्पुरती चढते. ते पाहून घाईनं जास्तीचं इन्सुलिन देऊ नका, बहुतेक वेळा ती आपोआप खाली येते.

पोटऱ्या दुखण्याचं बहुधा काळजीचं नसावं. दोन्ही पाय, संध्याकाळी किंवा रात्री, आणि सकाळी उठून पोरगी टणाटण, असं असेल तर या वयात ते दिसतंच. ड जीवनसत्त्व कमी असलं तरीही पाय दुखतात, ते तपासणीत कळेल. एकाच जागी सतत दुखणं, सूज, लंगडणं, ताप, पाठदुखी, किंवा जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. अजून एक सोपी गोष्ट घरीच करा. तिला दोन्ही तळवे जोडायला सांगा, नमस्काराला जोडतात तसे. बोटं आणि तळवे पूर्ण टेकतात का पाहा. शुगर बरीच वर्षं चढती राहिली की बोटांचे सांधे आखडतात आणि मध्ये फट राहते. उजवं मनगट नुकतंच प्लास्टरमधून निघालंय, म्हणून आत्ता फट दिसली तर तिचा अर्थ लावू नका. महिन्याभरानं पुन्हा पाहा.

पी.टी.च्या सरांना भेटायला स्वतः जा, जमलं तर लेकीला बरोबर घेऊन. शुगर उतरली की ती कशी दिसते, काय करायचं, हे एका कागदावर लिहून द्या. शिक्षक मुलांना बाजूला बसवतात ते बहुतेकदा आपल्या हातून काही चुकेल या भीतीनं. कागद हातात आला की ते मोकळे होतात.

उद्या तडक उड्या सुरू करू नका. हाडांच्या डॉक्टरांना विचारा. प्लास्टर निघाल्यावर पडण्याची शक्यता असलेले खेळ काही आठवडे टाळायला सांगतात, ते पाळा. तोवर चालणं, जिने चढणं, जागच्या जागी हलक्या उड्या चालतील का, तेही विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं की दोरी तुम्हीच खाली काढा आणि तिच्या हातात द्या. पहिल्या दिवशी वीस उड्या खूप झाल्या. शुगर आधी किती होती, नंतर किती झाली आणि रात्री किती राहिली, ते वहीत लिहून मला पाठवा.